हॅकिंटॉश: एक पेन ड्राइव्ह आणि मालकीचा प्रश्न

पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर कुठल्या मशीनवर चालवायचं, हे कुणी ठरवायचं? घेणाऱ्याने की विकणाऱ्याने? या प्रश्नाभोवती गेली वीस वर्षं एक लढाई चालली, आणि तिच्यातलं हत्यार होतं साधा पेन ड्राइव्ह. ती लढाई आता संपत आलीय, म्हणून हे लिहून ठेवतो.

जून 2005 मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर केलं, की मॅकमध्ये यापुढे इंटेलचा प्रोसेसर असेल. जानेवारी 2006 मध्ये असे मॅक आले. म्हणजे मॅक आणि आपला असेंबल्ड पीसी, दोघांच्या पोटात जवळपास सारखाच माल! मुख्य फरक दोन. पीसी जुन्या बायोसवर सुरू व्हायचा, मॅक ईएफआयवर. आणि मॅकमध्ये एसएमसी नावाची छोटी चिप होती. फाइंडर, डॉक असे महत्त्वाचे प्रोग्रॅम ॲपलने कुलूपबंद केले आणि किल्ली त्या चिपमध्ये ठेवली. कुलूप उघडणाऱ्या फाइलचं नावच 'डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स'.

सुरुवातीला लोक फोडलेल्या डीव्हीडी इंटरनेटवरून उतरवायचे. ती सरळ पायरसीच. पण 2008 च्या सुमारास वेगळी वाट सापडली. गंमत बघा, ॲपलने आपला बूटलोडर स्वतःच ओपन सोर्स म्हणून खुला केला होता. त्यातच बदल करून हौशी मंडळींनी असं काही केलं, की ॲपलची मूळ, विकतची डीव्हीडी जशीच्या तशी पीसीवर चालू लागली. पुढे कमेलियन, मग क्लोव्हर, आणि 2019 पासून ओपनकोर.

यात पेन ड्राइव्हचं काम काय? कॉम्प्युटर चालू झाला की फर्मवेअर फॅट32 पार्टिशनवरचा ईएफआय फोल्डर शोधतं. तिथला ओपनकोर आधी जागा होतो. तो मॅकओएसला सांगतो, की हा अमुक मॉडेलचा मॅक आहे. हार्डवेअरच्या माहितीतल्या चुका दुरुस्त करतो, एसएमसीची नक्कल करणारी फाइल पुरवतो, आणि मग मॅकओएसच्या हाती कारभार देतो. हे सगळं मेमरीत घडतं. बूटलोडर फक्त पेन ड्राइव्हवर ठेवला, तर तो काढला की पीसी पुन्हा पहिल्यासारखा.

हे घरच्या घरी चाललं तोवर ॲपलने फारसं मनावर घेतलं नाही. पण 2008 मध्ये फ्लोरिडातल्या सायस्टार कंपनीने असे कॉम्प्युटर उघड विकायला काढले. त्यांचं म्हणणं, आम्ही मॅकओएसच्या प्रती विकत घेतो, मग अडचण काय? ॲपल कोर्टात गेलं. लायसन्समध्ये लिहिलं होतं, की ही सिस्टम फक्त ॲपलच्याच कॉम्प्युटरवर टाकायची. नोव्हेंबर 2009 मध्ये निकाल ॲपलच्या बाजूने लागला, आणि 2011 मध्ये अपिलातही तोच टिकला.

धंदा म्हणून सायस्टार चुकलं, हे मला मान्य आहे. दुसऱ्याच्या कष्टावर दुकान थाटणं वेगळं. पण त्या निकालाने एक गोष्ट पक्की केली: डबा तुमचा, आतलं सॉफ्टवेअर मात्र फक्त वापरायची परवानगी. हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असतं? 'आय ॲग्री' आपण न वाचताच दाबतो.

शेवट मात्र कोर्टाने नाही, चिपने केला. 2020 मध्ये ॲपलने स्वतःचे प्रोसेसर आणले. जून 2025 मध्ये सांगून टाकलं, की मॅकओएस टाहो ही इंटेल मॅकसाठी शेवटची आवृत्ती. पुढच्या आवृत्त्या इंटेलवर नाहीत, म्हणजे हॅकिंटॉशही नाही.

पण तो पेन ड्राइव्ह अजून कामाचा आहे. ओपनकोरच्याच आधारावर 'लेगसी पॅचर' तयार झाला. ॲपलने वाऱ्यावर सोडलेल्या जुन्या, खऱ्याखुऱ्या मॅकवर तो नव्या आवृत्त्या चालवतो. जे तंत्र चोरवाट म्हणून हिणवलं गेलं, त्यानेच धडधाकट मशीन भंगारात जाण्यापासून वाचवली.

आपल्याकडेही ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. चर्चा होते ती सुट्या भागांची आणि सर्व्हिस सेंटरची. माझं म्हणणं एवढंच, की दुरुस्तीच्या हक्कात सॉफ्टवेअरही यायला हवं. कंपनीने अपडेट बंद केले, की निदान दुसरी सिस्टम टाकायची वाट तरी मोकळी ठेवा. मशीन चालू स्थितीत असेल, तर ते मेलं असं जाहीर करायचा अधिकार कुणाचा? तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा.