आधी रीत, मग यंत्र

उद्या वर्गात एक कोडे घाला. मनात एक संख्या धरली, तिची तिप्पट केली, त्यात पाच मिळवले, वीस झाले. मूळ संख्या कोणती? मूल उलट्या पावलांनी निघते. विसातून पाच गेले, राहिले पंधरा. तिनाने भागले, आले पाच. ही रीत जुनीच. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती'त ती 'व्यस्तविधी' या नावाने दिली आहे. नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखात त्याची नोंद आहे.

पुढे गावोगावी पंतोजींच्या शाळा आल्या. पावकी, निमकी, पाऊणकी, औटकी मुखोद्गत करून घेत. बाजारात हिशोब अडत नसे, हा त्याचा गुण. पण 'असे का?' म्हणून विचारायची सोय थोडी.

१९६७ साली अमेरिकेत सीमोर पॅपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकाची भाषा केली. पॅपर्ट हे कृत्रिम बुद्धीचेच संशोधक. पण त्यांचा आग्रह असा, की यंत्राने मुलाला शिकवण्यापरीस मुलाने यंत्राला शिकवावे. मूल कासवाला हुकूम देई, 'पुढे जा, उजवीकडे वळ'. चौकोन बिघडला तर आपले हुकूम पुन्हा तपाशी. चूक ही छडी खाण्याची नव्हे, शोधून काढण्याची गोष्ट ठरली.

तिसरीपासून कृत्रिम बुद्धी आणि संगणकीय विचार २०२६-२७ पासून शिकवण्याचे केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले. आता आपली चिखलीच घ्या. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. कारखान्यांच्या ओढीने दूरदूरची कुटुंबे इथे राहिली. एकाच बाकावर दोन-तीन बोली बसतात. अशा मुलाला त्याच्या भाषेत समजावून देणारे यंत्र उपयोगीच पडेल. मात्र तेच यंत्र आयते उत्तरही देते, आणि कधीकधी चुकीचे उत्तर मोठ्या खात्रीने देते. मुलाने ते नुसते उतरवून घेतले, तर जुनी घोकंपट्टी नव्या वेषात परत आली म्हणायची. तीत पाठ करण्याचे कष्टसुद्धा नाहीत!

म्हणून क्रम ठेवा. आधी मुलाने पाटीवर आपली रीत मांडावी. मग यंत्राला विचारावे. मग दोन्ही रीती ताडून, कोणती पायरी कुठे चुकली, ते वर्गाला सांगावे. यंत्र नसलेल्या शाळेत हेच काम दोन मुलांच्या दोन पाट्या करतील.