चिंध्यांचे चीवर

घरातले लुगडे विरले म्हणजे पुढे त्याचे काय करायचे, हे आपल्याकडे कोणाला शाळेत शिकवावे लागत नाही. धड राहिलेले काठ आधी काढून ठेवायचे. मधल्या मऊ भागातून बाळाचे झबले नाही तर कुंची बेतायची. उरलेले गोधडीच्या पोटात घालायचे. गोधडी विटली की तिचे बसकर, बसकराचे पायपुसणे, आणि अगदी शेवटी चुलीपुढचे पोतेरे. माझी आई एखादे लुगडे हातात घेऊन उजेडाकडे धरी, आणि त्याला अजून किती जन्म आहेत ते सांगे.

कापडाची हीच उतरंड दोन हजार वर्षांहून जुन्या एका ग्रंथात सापडते, असे मी म्हटले तर आपणांस नवल वाटेल. पण ती तेथे आहे. आणि ती एका राजाने विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरात आली आहे. त्या प्रश्नापर्यंत जाण्यासाठी आज आपण बौद्ध भिक्षूंच्या वस्त्राची, म्हणजे चीवराची, हकीकत पाहू. हे वस्त्र आपल्याला अनोळखी नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, त्यानंतर महाराष्ट्रात गावोगावी विहार उभे राहिले आणि चीवरधारी भिक्षू आपल्या नित्य पाहण्यातले झाले. आता कधी ते चीवर जवळून बघा. ते सलग कापड नसते. तुकडे जोडून शिवलेले असते. का बरे?

भिक्षुसंघाच्या आरंभीच्या काळात भिक्षू जे वस्त्र वापरीत त्याला पांसुकूल म्हणत. पांसु म्हणजे धूळ. धुळीत, उकिरड्यावर, रस्त्याच्या कडेला पडलेली चिंधी ती पांसुकूल. अशा चिंध्यांचे प्रकारही बौद्ध ग्रंथांत मोजून दिले आहेत. स्मशानात टाकलेली, बाजारात पडलेली, उंदरांनी कुरतडलेली, वाळवी लागलेली, जळलेली, गाईने चघळलेली आणि बकरीने चघळलेलीसुद्धा! ही यादी करणारा मनुष्य खेड्यात हिंडलेला असला पाहिजे, यात मला शंका वाटत नाही.

मात्र ही यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात धरली पाहिजे. त्या काळी कापड हाताने होत असे. कापूस वेचा, सरकी काढा, पिंजा, सूत काता, मग मागावर बसा. एका वस्त्रात किती जणांचे किती दिवस गुंतलेले असत! असे कापड माणूस सहजासहजी टाकीत नाही. तेव्हा जे उकिरड्यावर आले ते खरोखरच कोणाच्याही कामाचे उरलेले नव्हते. भिक्षूने असे कापड उचलावे ज्यावर कोणाचा हक्क राहिला नाही, आणि जे घेतल्याने कोणाचे काही कमी होत नाही, हा त्यातला विचार.

चिंधी मिळाली म्हणून वस्त्र झाले असे नाही. ती धुवायची, निवडायची, जोडायची, रंगवायची. हे सारे भिक्षूच करीत. विनयग्रंथांत या शिवणकामाचे बारकावे आले आहेत, आणि ते वाचताना आपण एखाद्या शिंप्याच्या दुकानात बसलो आहोत असे वाटते. प्रथम काही भिक्षू कोंबडीच्या पिसाने आणि बांबूच्या कामटीने टाके घालीत. शिवण वाईट होई. म्हणून सुई वापरण्याची अनुज्ञा मिळाली. सुया गंजू लागल्या, म्हणून सुईची नळी आली. सुई रेटताना बोट दुखे, म्हणून अंगुस्तान आले. शिवण वाकडी जाऊ लागली, म्हणून आधी कच्चा दोरा घालावा असे ठरले. कापड ताणून धरण्यासाठी एक चौकट असे, तिला कठिण म्हणत. वर्षावास संपल्यावर आजही जो कठिण चीवरदानाचा समारंभ होतो, त्याचे नाव या साध्या चौकटीवरून आले आहे. त्या वेळचे चीवर एका दिवसात कापून, शिवून, रंगवून पुरे करावयाचे असते. साहजिकच तेथे एकट्यादुकट्याचे काम नसते. दहा हात लागतात. रंग मुळांचा, खोडाचा, सालीचा, पानांचा, फुलांचा किंवा फळांचा असे. कापडाचे तुकडे नाना जातींचे, पण रंग एक. म्हणून अंगावर ते एक वस्त्र दिसे.

पुढे एक प्रसंग घडला. राजगृहाचा प्रसिद्ध वैद्य जीवक याने उज्जयिनीच्या प्रद्योत राजाचा पांडुरोग बरा केला. राजाने त्याला अतिशय मौल्यवान अशी वस्त्रांची जोडी पाठविली. जीवकाने ती बुद्धाला अर्पण केली, आणि गृहस्थांनी दिलेले वस्त्र भिक्षूंना घेता यावे अशी विनंती केली. बुद्धाने ती मान्य केली. ज्याला पांसुकूल हवे त्याने ते वापरावे, ज्याला गृहस्थाचे वस्त्र घ्यायचे असेल त्याने ते घ्यावे, असे ठरले. सक्ती कोणतीच नाही.

पण मग नवी अडचण आली. दान आले की चांगले कापड येणार. चांगल्या कापडाचा लोभ सुटणार. आणि चोरालाही त्याचा वास लागणार. यावर काढलेला तोडगा शेतकऱ्यांना तर विशेष आवडेल. राजगृहाहून दक्षिणागिरीकडे जाताना बुद्धाने मगधातली शेते पाहिली. लांब वाफे, मधून मधून बांध, आडवे बांध, बांधाला बांध मिळतो तेथे चौक. त्याने आनंदाला विचारले की, भिक्षूंसाठी अशा आखणीचे चीवर करता येईल काय? आनंदाने ते करून दाखविले. कापडाचे तुकडे म्हणजे वाफे, आणि शिवणीच्या पट्ट्या म्हणजे बांध. मानेशी आणि पोटऱ्यांशी जेथे कापड घासते, तेथे वेगळे तुकडे. बुद्धाने आनंदाच्या समजुतीची वाखाणणी केली. असे कापलेले, ठसठशीत टाक्यांचे वस्त्र श्रमणाला शोभते आणि चोराला त्याचा मोह होत नाही, असे त्याचे म्हणणे. खरेच आहे. सलग कापड बाजारात विकता येते. कापून तुकडे केलेले कोण घेणार? म्हणजे बघा, पूर्वी चिंध्या होत्या म्हणून त्या जोडाव्या लागत. आता नवे कापड आले, तरी ते मुद्दाम कापून, चिंध्यांसारखे जोडून वापरू लागले. गरज संपली, पण तिची आठवण शिवणीत राहिली.

आता राजाचा तो प्रश्न. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाचा उपदेश ऐकून त्याला पाचशे वस्त्रे दिली. राजाला हे कळले तेव्हा तो रागावला. एका भिक्षूला पाचशे वस्त्रे कशाला? हा काय कापडाचे दुकान घालणार आहे? तो आनंदाकडे गेला आणि त्याने सरळच विचारले की, एवढ्या वस्त्रांचे करणार काय? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना वाटीन. मग त्यांच्या विरलेल्या चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचे? गादीचे अभ्रे. जुन्या अभ्र्यांचे? जमिनीवरची बैठक. जुन्या बैठकीचे? पायपुसणी. जुन्या पायपुसण्यांचे? धूळ झटकायची फडकी. आणि ती फडकी जीर्ण झाली म्हणजे? ती कुटून, चिखलात कालवून जमीन सारवू! राजाचा राग निवला, आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

पाचशे हा आकडा अक्षरशः घेऊ नये. जुन्या कथांत पाचशे म्हणजे पुष्कळ. पण या गोष्टीत मला मोलाचे वाटते ते राजाचे विचारणे आणि भिक्षूचे न रागावणे. दान देणाऱ्याने हिशेब विचारला, आणि घेणाऱ्याने तो शेवटच्या चिंधीपर्यंत दिला.

हा हिशेब आपल्या महाराष्ट्रात तर दगडावर कोरलेला आहे. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतला. उषवदाताने हे लेणे खोदविले आणि तेथे वर्षावासाला राहणाऱ्या भिक्षूंच्या खर्चासाठी कायमची ठेव ठेवली. गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि दुसऱ्या एका विणकर श्रेणीकडे एक हजार शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत द्यायचे नाही. फक्त व्याज वापरायचे. पैकी दोन हजारांचे व्याज वीस भिक्षूंच्या चीवरांसाठी, प्रत्येकी बारा कार्षापण.

शिक्षक बंधू-भगिनींनो, हे गणित फळ्यावर मांडून पाहा. २००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०. बारा महिन्यांचे २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, २४०. हिशेब दमडीपर्यंत बरोबर! आणि हे दान निगमसभेत सर्वांना ऐकवले व रीतीप्रमाणे दप्तरी नोंदविले, हेही तेथे लिहिले आहे.

एकदा हे गणित मी लेण्यातच विद्यार्थ्यांपुढे मांडले. तेव्हा एक शेतकऱ्याचा मुलगा चटकन म्हणाला, “सर, म्हणजे साल दर साल शेकडा बारा. विणकरांना परवडत होतं का हो?” प्रश्न मोठा मार्मिक होता. विणकरांच्या धंद्यात तेवढी बरकत आणि त्यांच्या श्रेणीची तेवढी पत असल्याखेरीज राजाचा जावई आपली कायमची ठेव त्यांच्याकडे ठेवणार नाही. चीवर पुरविणारा दाता लेखात नावाने आहे. पण त्यामागे माग चालविणारे किती हात असतील, त्यांची नावे तेथे नाहीत.

कोणी म्हणेल, उकिरड्यावरची चिंधी कोठे आणि बारा कार्षापण कोठे! हा ऱ्हासच नव्हे काय? आक्षेप अगदीच खोटा नाही. संघ श्रीमंत झाला, हे खरेच. पण पैशाने आलेले कापडही कापूनच शिवावे, हा नियम कायम राहिला. आणि हा धागा फार दूरवर गेला. जपानात चीवराला केसा म्हणतात. हा शब्द आपल्या काषायावरूनच गेलेला. नारा येथील शोसोइन भांडारात आठव्या शतकातल्या शोमू सम्राटाची केसा वस्त्रे आजही जतन केलेली आहेत. पुढच्या काळात तेथे घरातले माणूस गेले म्हणजे त्याची उंची रेशमी वस्त्रे मंदिराला देत, आणि भिक्षू ती कापून, शेताच्या त्याच आखणीत जोडून केसा शिवीत. मगधातल्या बांधांचा नकाशा असा जपानी रेशमावर उमटला.

आज कापड स्वस्त झाले. सणाला घेतलेला सदरा दुसऱ्या सणाला जुना वाटतो. शिवाय आनंदाने सांगितलेली शेवटची पायरी आता मोडली आहे. पॉलिएस्टरची चिंधी कितीही कुटा, ती मातीत मिसळत नाही. ओढ्याकाठी बाभळीला लटकलेली फडकी आपण पाहतोच.

म्हणून शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. इतिहासाच्या तासाला वर्गात एक जुनी गोधडी आणा. तिच्यातला प्रत्येक तुकडा पूर्वी कोणाचे काय होता, हे मुलांनी घरी आजीला विचारून यावे आणि वहीत लिहावे. कोणाचे लुगडे, कोणाचे धोतर, कोणाची कुंची. ती यादी पुरी झाली म्हणजे मग त्यांना उदयनाचा प्रश्न सांगा. उत्तर काय द्यायचे हे मुलांना आपोआप कळेल. आजीने ते आधीच सांगितलेले असेल.