मोरगावच्या तटाआड रेंज

मोरगावला मयूरेश्वराच्या दगडी तटाच्या आत गेलं की माझं फोर-जी मान टाकतं. का?

१९९५ साली भारतात मोबाईल आला तो ९०० मेगाहर्ट्झवर. लाट साधारण ३३ सेंटीमीटरची. लांब जाणारी, भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरणारी. नंतर आलेल्या २३०० ची लाट १३ सेंटीमीटरची. तिथे डेटाला जागा जास्त, पण पल्ला कमी, दगडापुढे लवकर दमते.

म्हणजे गावाला हवा कमी आकड्याचा बँड. तसा ७०० चा २०१६ च्या लिलावात निघालाही. सरकारी किंमत? देशभरासाठी एका मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी! एकही बोली नाही. २०२१ लाही कुणी हात लावला नाही. २०२२ ला भाव ३,९२७ कोटींवर आला, तेव्हा जिओने घेतला. तोही फाइव्ह-जीसाठी, माझ्या फोर-जी फोनला त्याचा काय उपयोग!