हेल्डला न पटलेली फट

1893 साली जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये हान्स हेल्ड मेंदूच्या देठाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होता. कानाकडून वर जाणाऱ्या वाटेवर त्याला एक अजब आकार दिसला. एका चेतातंतूचं टोक फुलाच्या पेल्यासारखं पसरलं होतं आणि त्यानं पुढच्या पेशीला कवेत घेतलं होतं.

तेव्हा एक मोठा वाद पेटला होता. इटलीचा कामिल्लो गोल्जी म्हणे, मेंदू म्हणजे सलग जाळं. स्पेनचा रामोन इ काहाल म्हणे, प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र. त्या एकमेकींना भिडतात, पण एक होत नाहीत. गंमत म्हणजे काहालनं हे दाखवलं ते गोल्जीनंच 1873 मध्ये शोधलेली रंगपद्धत वापरून. 1906चं नोबेल दोघांना विभागून मिळालं, आणि गोल्जीनं नोबेलच्या भाषणातही काहालच्या मताला विरोधच केला.

हेल्ड जाळ्याच्या बाजूचा. प्राणी मोठा झाला की पेला आणि पेशी एकजीव होतात, असं तो मानायचा. त्या जोडाला 1897 मध्ये ‘सिनॅप्स’ हे नाव मिळालं, पण मधली फट कुणी पाहिली नव्हती. ती दिसली 1950च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून. रुंदी मिलिमीटरच्या साधारण पन्नास हजाराव्या भागाएवढी! विजेचा संदेश तिच्या काठाशी थांबतो आणि पलीकडे जातं ते रसायन. हेल्डच्या पेल्यात ते रसायन म्हणजे ग्लुटामेट. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे ठरवण्याच्या कामात हा पेला असतो, म्हणून त्याला वेळ अचूक पाळावी लागते. आकारानं मोठा असल्यामुळे आज सिनॅप्स अभ्यासायला शास्त्रज्ञ तोच निवडतात. त्याचं नाव? ‘कॅलिक्स ऑफ हेल्ड’. फट नाकारणाऱ्याचंच!

हा इतिहास इयरफोन घातलेल्या आपल्याशीही जोडलेला आहे. अशीच फट खुद्द कानात, आवाज टिपणारी रोमपेशी आणि श्रवणतंतू यांच्यामध्येही असते. 2009 मध्ये अमेरिकेत शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास 100 डेसिबलचा गोंगाट ऐकवला. काही आठवड्यांत त्यांची श्रवणचाचणी पूर्ववत झाली. रोमपेशीही शाबूत होत्या. पण कानाच्या एका भागातले जवळपास निम्मे सिनॅप्स कायमचे गेले होते. पुढे मरणोत्तर तपासलेल्या मानवी कानांतही, वयाबरोबर रोमपेशींपेक्षा हे जोडच जास्त तुटलेले आढळले.

मोठ्या आवाजानं सुन्न झालेला कान सकाळी मोकळा होतो आणि आपण निर्धास्त होतो. पण शांत खोलीतल्या चाचणीत पास होणारा कान गर्दीत मित्राचं बोलणं नीट पकडेलच, असं नाही. हेल्डला जी फट पटली नाही, ऐकणं तिच्यावरच उभं आहे. आवाज कमी करायचा तो तिच्यासाठी.