गिरमिटीविरुद्ध पुण्याची कैफियत

परदेशी गेलेल्या भारतीयांची जबाबदारी सरकारवर असते, ही कल्पना आज कोणाला नवी वाटत नाही. युद्ध पेटले की विमाने पाठवली जातात, आखातात मजूर अडकला की वकिलातीकडे दाद मागितली जाते. ही जबाबदारी हिंदुस्थान सरकारने आपणहून मात्र पत्करलेली नव्हती. ती त्याच्या गळी उतरवावी लागली, आणि ती उतरवणाऱ्यांत पुण्याच्या एका छोट्या संस्थेचा वाटा फार मोठा होता.

१८३३ च्या कायद्याने ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी रद्द झाली, तेव्हा उसाच्या मळ्यांना स्वस्त मजूर हवे होते. १८३४ पासून मॉरिशसला आणि पुढे वेस्ट इंडीज, नाताळ, फिजी येथे हिंदुस्थानातून माणसे जाऊ लागली. करार पाच वर्षांचा असे. ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दाचे मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले आणि त्याखाली गेलेला तो गिरमिटिया. सुमारे ८० वर्षांत दहा लाखांहून अधिक माणसे अशी गेली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून गेली. मुंबईतून सुटलेल्या जहाजांवर कोकणातली कुटुंबेही होती, आणि मॉरिशसमधला मराठी समाज त्यांच्यापासून वाढला. सरकारने १८३७ मध्येच कायदा करून ठेवला होता : मजुराने आणि त्याची भरती करणाऱ्या एजंटाने अधिकाऱ्यासमोर उभे राहावे, करार काय आहे ते मजुराला कळल्याची खात्री व्हावी. कागदावर हे ठीक होते. पण मजूर मळ्यावर पोचल्यानंतर त्याचे काय होते, हे पाहणारा हिंदुस्थान सरकारचा एकही माणूस तिथे नसे.

पुण्यात या विषयाला सुरुवातीला वेगळाच सूर लागला होता. १८९३ साली पुण्यात भरलेल्या औद्योगिक परिषदेत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी परदेशगमनावर निबंध वाचला. दुष्काळ आणि कर्ज यांनी पिचलेल्या शेतकऱ्याला वसाहतींत पोट भरता येते, पैसा साठवता येतो, तेव्हा ही वाट मोकळी असावी, असा त्यांचा कल होता. सरकारी अहवालांतील आकडे त्यांनी मोठ्या कष्टाने जुळवले होते. रानड्यांसारख्या करुणावान माणसाला गिरमिटीतले दुःख दिसू नये, याचे कारण त्यांच्या साधनांतच आहे. ते अहवाल वसाहतींच्या अधिकाऱ्यांनी लिहिलेले होते. मजुराचा स्वतःचा शब्द पुण्यापर्यंत पोचलाच नव्हता.

तो पोचवणारा माणूस तीन वर्षांनी पुण्यात आला. १८९६ मध्ये सत्तावीस वर्षांचे बॅरिस्टर मोहनदास गांधी नाताळमधल्या हिंदी लोकांची गाऱ्हाणी घेऊन हिंदुस्थानभर फिरत होते. पुण्यात ते टिळकांना भेटले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात गोपाळ कृष्ण गोखल्यांना. पुण्याचे राजकारण तेव्हा दोन तटांत विभागलेले होते. सभेला दोन्ही बाजूंचे लोक यावेत, तर अध्यक्ष कोणत्याही तटाचा नसावा, असे टिळकांनी सुचवले आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे नाव दिले. भांडारकरांनी राजकारणापासून दूर राहण्याचा आपला नेम बाजूला ठेवून होकार दिला. टिळक आणि गोखले यांचे एकमत झालेल्या मोजक्या प्रश्नांपैकी हा एक होता, हे मुद्दाम नोंदवावे असे आहे.

नाताळमधल्या गाऱ्हाण्यांत सर्वांत जाचक ठरला तो तीन पौंडांचा कर. १८९५ च्या कायद्याने तो बसवला. करार संपल्यावर जो मजूर नवा करार करणार नाही आणि मायदेशीही परतणार नाही, त्याने दरवर्षी तीन पौंड भरायचे. पुढे हा कर बायकोला, सोळा वर्षांवरील मुलाला आणि तेरा वर्षांवरील मुलीलाही लागू झाला. गिरमिटियाची मजुरी पहिल्या वर्षी महिन्याला दहा शिलिंग असे. त्या दराने एका माणसाचा कर म्हणजे सहा महिन्यांची कमाई. कर भरणे शक्यच होऊ नये आणि माणसाने पुन्हा गिरमिटीत शिरावे किंवा देश सोडावा, हाच त्याचा हेतू होता.

गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, म्हणजे भारत सेवक समाज, स्थापन केली. अल्प मानधनावर आयुष्यभर सार्वजनिक काम करणाऱ्या शिक्षित माणसांची ही संस्था होती. परदेशस्थ हिंदी माणूस हा तिच्या कामाचा कायमचा विषय झाला. गोखले १९०२ पासून मध्यवर्ती कायदे कौन्सिलात होते. मोर्ले-मिंटो सुधारणांनी कौन्सिलात ठराव मांडण्याचा हक्क दिला, तेव्हा २५ फेब्रुवारी १९१० रोजी त्यांनी नाताळसाठी मजूर भरती बंद करण्याचा अधिकार सरकारने घ्यावा, असा ठराव मांडला. सरकारने तो स्वीकारला आणि १ जुलै १९११ पासून नाताळला गिरमिटिये जाणे बंद झाले. १८६० पासून तिथे सुमारे दीड लाख माणसे गेली होती.

गोखल्यांनी नाताळच निवडले, यामागे नेमका हिशेब होता. दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या सत्ताधाऱ्यांना हिंदी व्यापारी नको होता, पण हिंदी मजूर हवा होता. मजूर पाठवणे थांबवणे हे हिंदुस्थानच्या हातातले एकमेव हत्यार होते. गुलाम देशाजवळ ना आरमार ना वकील, तरी कष्टकरी हातांवर त्याचा ताबा होता, हे गोखल्यांनी ओळखले.

दोन वर्षांनी ते पुढे गेले. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी कोणत्याही वसाहतीसाठी गिरमिटीची भरती पूर्ण बंद करा, असा ठराव मांडला. त्यांच्या मांडणीत भावनेपेक्षा पुराव्याचे बळ होते. मजुराला मालक निवडता येत नाही. परक्या मुलखातली भाषा, कायदा, चाल त्याला ठाऊक नसते. काम चुकवले तर दिवाणी दावा होत नाही, फौजदारी शिक्षा होते, आणि हे भरतीच्या वेळी त्याला समजावून सांगितले जात नाही. दर शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया पाठवण्याच्या नियमाने मळ्यांवरच्या स्त्रियांची काय दशा होते, तेही त्यांनी मांडले. फक्त दोन वर्षांपूर्वी लंडनमध्ये लॉर्ड सँडरसन यांच्या समितीने ही पद्धत चालू ठेवण्याची शिफारस केली होती. गोखले तिलाच आव्हान देत होते. मतदान झाले तेव्हा बाजूने २२ आणि विरुद्ध ३३ मते पडली. ठराव पडला. पण बाजूच्या मतांत सगळे बिनसरकारी हिंदी सभासद होते, आणि कौन्सिलातले हिंदी मत एकमुखाने एका बाजूला गेल्यावर ही पद्धत नैतिकदृष्ट्या उभी राहू शकली नाही. १९१० च्या विजयापेक्षा हा पराभव मोठा म्हणावा लागतो.

त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला गोखले केपटाऊनला उतरले. तिथल्या सरकारने त्यांच्यासाठी रेल्वेचा खास डबा दिला, गावोगावी स्वागत झाले. या दौऱ्यातला एक प्रसंग गांधींनी पुढे लिहून ठेवला आहे. जोहान्सबर्गमध्ये कोकणी मुसलमानांची आणि काही महाराष्ट्रीय हिंदूंची वस्ती होती. गोखल्यांचे मराठी ऐकण्याची त्यांना ओढ होती. गांधींनी गोखल्यांना मराठीत बोलण्याचा आग्रह केला आणि हिंदुस्थानीत भाषांतर आपण करू म्हणाले. गांधींचे मराठी ते काय, म्हणून गोखल्यांना हसू आले. पण भाषांतर ऐकून ते संतुष्ट झाले आणि झांजिबारपर्यंत बहुतेक ठिकाणी आपल्या लोकांसमोर मराठीतच बोलले. प्रिटोरियात त्यांची पंतप्रधान बोथा आणि मंत्री स्मट्स यांच्याशी भेट झाली, आणि तीन पौंडांचा कर रद्द होणार, अशी खात्री घेऊन ते परतले.

कर रद्द झाला नाही. १९१३ मध्ये नाताळमधल्या खाणी आणि मळ्यांतले हजारो मजूर संपावर गेले, तुरुंग भरले. मधुमेहाने खंगलेले गोखले हिंदुस्थानात निधी उभारत होते, तारा पाठवत होते. चार्ल्स अँड्र्यूज आणि विल्यम पिअर्सन या हिंदुस्थानात काम करणाऱ्या इंग्रजांना त्यांनीच आफ्रिकेला रवाना केले. रतन टाटांनी १९०९ मध्येच २५,००० रुपये देऊन या मदतीची सुरुवात केली होती, तिला आता देशभरातून जोड मिळाली. नोव्हेंबर १९१३ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी मद्रासच्या भाषणात सत्याग्रहींविषयी उघड सहानुभूती दाखवून चौकशीची मागणी केली. साम्राज्याच्या एका सरकारने दुसऱ्या सरकारला जाहीरपणे जाब विचारला, हे नवे होते. १९१४ च्या कायद्याने तीन पौंडांचा कर गेला. गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात वारले. त्यांचा १९१२ चा मुद्दा पंडित मदनमोहन मालवीय यांनी मार्च १९१६ मध्ये पुन्हा कौन्सिलात मांडला, तेव्हा सरकारने तो मान्य केला. मार्च १९१७ मध्ये भरती थांबली आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतले शेवटचे करार रद्द झाले.

गिरमिट संपली, पण गेलेली माणसे तिथेच होती. इथून दुसरा टप्पा सुरू होतो. १९२२ च्या परदेशगमन कायद्याने अकुशल मजुरांचे जाणे सरकारने मान्य केलेल्या देशांपुरते आणि अटींपुरते ठेवले, आणि त्यानंतर सिलोन व मलायात हिंदुस्थान सरकारचे एजंट बसले. दक्षिण आफ्रिकेतला पहिला एजंट पुण्याच्या संस्थेतून गेला. व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री १९०७ पासून समाजाचे सभासद आणि गोखल्यांनंतर अध्यक्ष होते. १९२७ मध्ये हिंदुस्थान आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात झालेल्या केपटाऊन करारानंतर ते तिथे गेले. सोबत समाजाचेच पी. कोदंड राव होते. दोन वर्षांत त्यांनी तिथल्या हिंदी लोकांकडून पैसा उभारून दरबानला शिक्षणसंस्था काढली, ती शास्त्री कॉलेज. १९१८ मध्ये सुरू झालेले समाजाचे ‘सर्व्हंट ऑफ इंडिया’ हे साप्ताहिक पुण्यातून वसाहतींच्या प्रश्नांवर सातत्याने लिहीत राहिले.

या कामाची मर्यादाही स्पष्ट मांडली पाहिजे. केपटाऊन करारात सरकारी मदतीने मायदेशी परतण्याची योजना होती, आणि हिंदुस्थानने ती स्वीकारली. परतलेल्यांपैकी पुष्कळ जण आफ्रिकेतच जन्मलेले होते. मद्रास बंदरावर उतरल्यावर त्यांना ना गाव ओळखीचे ना जात स्वीकारणारी. समाजाच्या सौम्य पद्धतीने मुत्सद्द्यांची मने वळली, पण ज्यांच्यासाठी करार झाला त्या मजुरांना त्यात विचारले गेले नाही. १९२३ मध्ये केनियातल्या हिंदी लोकांच्या हक्कांच्या प्रश्नावर शास्त्री लंडनला गेले आणि रिकाम्या हातांनी परतले, तेव्हाही हेच दिसले होते : साम्राज्यातील समान हक्कांचे आश्वासन आणि वसाहतीतला प्रत्यक्ष कायदा यांत फार अंतर होते.

१९४१ मध्ये परदेशस्थ हिंदी लोकांसाठी केंद्रात स्वतंत्र खाते झाले. त्याची सूत्रे यवतमाळच्या लोकनायक बापूजी अणे यांच्याकडे आली आणि काही महिन्यांतच जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या. १९४२ च्या पहिल्या सहामाहीत चार लाखांहून अधिक हिंदी माणसे तिथून निघाली, बहुतेक पायी, आराकानच्या आणि आसाम-मणिपूरच्या डोंगरांतून. गोऱ्यांना एक वाट आणि काळ्यांना दुसरी, असा भेदभाव झाल्याचा आरोप देशभर गाजला. हजारो माणसे वाटेत मेली. इतक्या मोठ्या प्रमाणावर परदेशातून लोक परत आणण्याची वेळ सरकारवर प्रथमच आली होती आणि त्याची तयारी नव्हती. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधींच्या उपवासाच्या वेळी अण्यांनी राजीनामा दिला; त्याच वर्षी ते सिलोनमध्ये हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणून गेले. खाते नागपूरच्या डॉ. नारायण भास्कर खरे यांच्याकडे आले. त्यांच्याच काळात, १९४६ मध्ये, दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडण्यात आला आणि तिथल्या हिंदी लोकांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे गेला. ८ डिसेंबर १९४६ रोजी महासभेने हिंदुस्थानच्या बाजूने ठराव केला. गोखल्यांनी मजूर रोखले होते. खऱ्यांच्या खात्याने माल रोखला. हत्यार तेच होते.

स्वातंत्र्यानंतर नेहरूंनी धोरण बदलले. परदेशी स्थायिक झालेल्यांनी त्या देशाशीच निष्ठा ठेवावी, असा त्यांचा सल्ला होता, आणि नव्या आशिया-आफ्रिकी देशांशी मैत्रीचा तो भाग होता. सप्टेंबर १९६४ मध्ये सुरू झालेल्या ‘आयटेक’ या तांत्रिक आणि आर्थिक सहकार्याच्या कार्यक्रमातून त्या देशांच्या लोकांना भारतात प्रशिक्षण मिळू लागले. आखाती नोकऱ्यांचे दिवस आले तसा जुना प्रश्न परत उभा राहिला. १९९० मध्ये इराकी आक्रमणानंतर कुवेतमधून सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना विमानांनी आणावे लागले. २००३ पासून ९ जानेवारी हा प्रवासी भारतीय दिवस झाला, कारण १९१५ मध्ये त्याच दिवशी आफ्रिका सोडून आलेले गांधी मुंबईत उतरले होते. २००४ मध्ये परदेशस्थ भारतीयांसाठी स्वतंत्र मंत्रालय झाले आणि २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयात विलीन झाले. २००९ पासूनच्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून अडकलेल्या मजुराला तिकीट, निवारा, वकील मिळतो आणि मृताचा देह घरी आणता येतो.

१९२२ च्या कायद्याची जागा १९८३ च्या कायद्याने घेतली, पण त्याचा गाभा कायम आहे. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टावर ‘ईसीआर’ (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) अशी नोंद असते, आणि आखातासह अठरा देशांत नोकरीला जाण्यापूर्वी त्याला ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या कचेरीची परवानगी घ्यावी लागते. पगार, कामाचे ठिकाण आणि मालक कोण, हे तिथे करारावरून तपासले जाते.