कागद कुणाच्या घरातले? तळगड, कोलाब्याचे तीन संशोधक आणि भारत इतिहास संशोधक मंडळ

१/
रायगड जिल्ह्यातील तळा गावाच्या माथ्यावर तळगड उभा आहे. त्याचा इतिहास बहुधा तीन नोंदींत आटोपतो. १६४८ मध्ये तो शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांना गेले, तेव्हा महाराजांकडे राहिलेल्या बारा किल्ल्यांत तो होता. १८१८ मध्ये इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरने तो घेतला. पहिल्या आणि शेवटच्या नोंदीत १७० वर्षांचे अंतर आहे. एवढ्या काळात गडाखाली कोण राहत होते, सारा किती भरत होते, कशावरून भांडत होते, याविषयी या तीन ओळी काहीच सांगत नाहीत.

२/
याचे कारण या नोंदींच्या स्वरूपात आहे. १६४८ ची हकीकत कॅप्टन ग्रँट डफ याच्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासातून सर्वत्र पसरली. दुसरी नोंद दोन सत्तांमधील तहाची आहे, तर तिसरी इंग्रजी फौजेच्या मोहिमेची. दरबार आणि छावणी यांना किल्ला दिसतो. किल्ल्याखालचे गाव क्वचितच दिसते. गावाची हकीकत गावातल्याच कागदांत असते. ते कागद शोधण्याचे काम महाराष्ट्रात कोणी, कसे आणि कोणाच्या पैशाने केले, हा या लेखमालिकेचा विषय.

३/
याच तालुक्यात सामान्य माणसांची नावे टिकल्याचे एक ठळक उदाहरण आहे. तळ्याजवळच्या कुडा येथे २६ बौद्ध लेणी आहेत. तेथील ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेखांत मांदव घराण्यातील महाभोजांबरोबरच एक वैद्य, एक माळी, एक भिक्षुणी आणि कऱ्हाडहून आलेला एक लोखंडाचा व्यापारी यांच्या दानांची नोंद आहे. १८८१ मध्ये जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांच्या लेणीलेखांच्या पुस्तकात हे लेख प्रसिद्ध झाले. दान कातळावर कोरले गेले म्हणून त्या व्यापाऱ्याचे नाव राहिले. कागदावरच्या माणसांना असा कातळ लाभत नाही.

४/
मराठी कागदांचा सर्वांत मोठा साठा पेशवे दप्तराच्या रूपाने पुण्यात इंग्रज सरकारच्या ताब्यात होता. एतद्देशीय अभ्यासकांना तेथे सहज प्रवेश नव्हता. १९३० नंतर गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. तोपर्यंत ज्यांना मूळ साधनांवरून इतिहास लिहायचा होता, त्यांच्यापुढे एकच मार्ग उरला होता : सरदार, देशमुख, कुळकर्णी, मठ आणि देवस्थाने यांच्याकडची खासगी दप्तरे.

५/
या मार्गाची सुरुवात तरुणांनी केली. १८६७-६८ च्या सुमारास डेक्कन कॉलेजातील विद्यार्थी नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी ग्रँट डफच्या ग्रंथावर टीकात्मक निबंध लिहिला. १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक निघाले आणि त्यातून बखरी व पत्रे छापली जाऊ लागली. मिरजेचे शाळाशिक्षक वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन सरदारांच्या कागदांवरून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. हे बहुतेक सारे उद्योग मात्र एकेकट्या माणसाच्या किंवा चार मित्रांच्या बळावर चालले होते.

६/
त्यांतील सर्वांत धगधगते नाव विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे. त्यांचा जन्म तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसईचा. पत्नीच्या निधनानंतर त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. गावोगाव फिरून त्यांनी दप्तरे तपासली. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. त्यात पानिपतच्या आधीच्या दशकातील राजकारणाची पत्रे होती. पुढे या मालेचे एकूण २२ खंड झाले.

७/
एकट्याच्या आयुष्याला मर्यादा असते. मिळालेले कागद कोठे ठेवायचे, दुसऱ्याचे वाचन कोणी तपासायचे, संशोधकाच्या पश्चात दप्तराचे काय होणार, या प्रश्नांना एकट्यापाशी उत्तर नव्हते. ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. पहिले बिऱ्हाड मेहेंदळ्यांच्या वाड्यात होते. राजाश्रय नव्हता, सरकारी अनुदानाचा आधार नव्हता. सभासदांची वर्गणी, देणग्या आणि पोटापाण्याचा उद्योग सांभाळून उरलेला वेळ, एवढेच भांडवल होते.

८/
मंडळाचा दिनक्रम साधा होता आणि त्यातच त्याचे बळ होते. ठरलेल्या दिवशी सभा भरे. एखादा सभासद नव्याने मिळालेला कागद किंवा टिपण वाचून दाखवी, इतर जण त्यावर शंका घेत आणि जे टिके ते छापले जाई. सभांची इतिवृत्ते व संमेलनांची वृत्ते निघत. १९२० पासून मंडळाचे त्रैमासिक सुरू झाले. कोणत्या सभेत कोणी कोणता कागद वाचला, हे शंभर वर्षांनंतरही शोधता येते, ते या छापील नोंदींमुळे.

९/
दप्तरापर्यंत पोचणे हे सर्वांत अवघड काम होते. जुना कागद म्हणजे वतनाचा पुरावा. तो परक्या माणसाच्या हाती गेला तर उद्या भाऊबंद दावा लावतील, ही भीती खोटी नव्हती. संशोधकाला त्या घराचा विश्वास संपादन करावा लागे. मूळ कागद मिळाला नाही तर तेथेच बसून नक्कल करावी लागे. माळ्यावरचे रुमाल खाली येत, धूळ झटकली जाई, वाळवीने खाल्लेले भाग जपून उलगडले जात आणि मोडी वाचन सुरू होई.

१०/
पुढचा टप्पा काळ ठरवण्याचा. जुन्या कागदांवर शके, हिजरी, फसली, राज्याभिषेक शक आणि सुहूर सन अशा अनेक गणना येतात. उदाहरणार्थ, ‘तिसा खमसैन व अलफ’ या सुहूर सनाचा अर्थ नऊ, पन्नास आणि हजार, म्हणजे १०५९. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. हे साल १६५८-५९ चे ठरते. दोन आकडे देण्याचे कारण असे की सुहूर वर्ष मृगाच्या सुमारास बदलते. कागदात महिना नसेल तर इसवी सन एका वर्षाने चुकू शकतो.

११/
त्यानंतर खरेखोटेपणाची परीक्षा. शिक्का त्या काळाचा आहे काय, मोर्तब योग्य जागी आहे काय, मायना त्या दरबाराच्या रिवाजाप्रमाणे आहे काय, ज्या माणसाचे नाव आले तो त्या साली हयात होता काय, हे पाहावे लागे. वतनाच्या भांडणांत बनावट कागदही तयार होत. म्हणून एकाच कागदावर विसंबून निष्कर्ष काढू नये आणि मूळ मजकूर आपल्या सोयीने सुधारू नये, हे या पिढीचे दंडक ठरले.

१२/
या पद्धतीचा सर्वांत गाजलेला परिणाम एका तारखेत दिसतो. बखरींच्या आधारे शिवजन्माचे साल दीर्घकाळ १६२७ मानले जात होते. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरात एक शकावली होती : शके १५४० ते १६१९ या काळातील घटनांच्या त्रोटक नोंदी. दयाजीराव सर्जेराव जेधे यांनी ती लोकमान्य टिळकांना दिली आणि १९१६ मध्ये ती मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात प्रसिद्ध झाली. तीत शिवजन्माची मिती फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी होती, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०.

१३/
एका घरातील एका नोंदीने प्रश्न लगेच मिटला नाही, आणि मिटायलाही नको होता. पुढे स. म. दिवेकर यांना तंजावरच्या संग्रहात कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’ची प्रत मिळाली, ते काव्य १९२७ मध्ये मंडळाने प्रकाशित केले. त्यातही तीच मिती आढळली. कारी आणि तंजावर, देशमुखाची टिपणवही आणि संस्कृत काव्य : एकमेकांपासून इतकी दूर असलेली दोन साधने जुळली, म्हणून तारखेचे वजन वाढले. वाद तरीही अनेक दशके चालला. महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख २००१ मध्ये स्वीकारली.

१४/
मंडळाची घडी बसवणारे दत्तो वामन पोतदार हेही कुलाबा जिल्ह्याचेच. जन्म महाडजवळच्या बिरवाडीचा. पेशाने ते शिक्षक. अनेक वर्षे त्यांनी मंडळाचे चिटणीसपद सांभाळले. पत्रव्यवहार, वर्गण्या, इमारत, व्याख्याने, रुसवेफुगवे, हे सारे त्यांच्या वाट्याला आले. संशोधकाचे नाव ग्रंथावर छापले जाते. संस्था चालवणाऱ्याचे श्रम हिशेबाच्या वह्यांत राहतात. पोतदारांना पुढे महामहोपाध्याय ही पदवी मिळाली, तरी त्यांची खरी ओळख मंडळाचा माणूस हीच राहिली.

१५/
तिसरे गणेश हरी खरे, जन्म पनवेलचा. मराठी कागदांची दुसरी बाजू फार्सी कागदांत आहे, हे ओळखून त्यांनी ती भाषा आत्मसात केली आणि ‘ऐतिहासिक फार्सी साहित्य’ या मालेचे खंड संपादित केले. ताम्रपट, शिलालेख, नाणी आणि मूर्ती यांवरही त्यांनी लिहिले. ‘मूर्तिविज्ञान’ हा त्यांचा ग्रंथ आजही वापरात आहे. वरसई, बिरवाडी आणि पनवेल : एकाच जिल्ह्यातील तीन गावांची ही माणसे पुण्यातील एका संस्थेचे आधारस्तंभ झाली.

१६/
स्वयंसेवी संस्थेत मतभेद अटळ असतात. राजवाड्यांचे मंडळाशी बिनसले. त्यांनी पुणे सोडले आणि अखेरची वर्षे धुळ्यात काढली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. अवघ्या काही दिवसांत, ९ जानेवारी १९२७ रोजी, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले आणि त्यांचा संग्रह त्याने जपला. भांडण झाले, पण दप्तर रद्दीत गेले नाही. माणसे दुरावली तरी कागद सांभाळणारी व्यवस्था हवी, हा धडा खुद्द संस्थापकाच्या बाबतीतच खरा ठरला.

१७/
आज पुण्याच्या मंडळात सुमारे पंधरा लाख ऐतिहासिक कागद आणि हजारो हस्तलिखिते असल्याचे सांगितले जाते. मोडीचे वर्ग चालतात. अडचण संख्येची आहे : लाखो कागदांच्या मानाने मोडी सफाईने वाचणारे फार थोडे. जतन झालेला पण न वाचलेला कागद निम्माच वाचलेला असतो. म्हणून मोडी शिकलेला प्रत्येक विद्यार्थी या कामात मोलाचा ठरतो. त्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही.

१८/
आता पुन्हा तळ्याकडे. जिल्ह्याच्या दक्षिण भागात खोती पद्धत रुजलेली होती. १९४९ च्या कायद्याने खोती संपली आणि जमिनीच्या हक्काचे पुरावे म्हणून जपलेल्या अनेक कागदांचे व्यावहारिक मोल उतरले. ज्या कागदाने पैसा मिळत नाही, तो घर उतरवताना प्रथम बाहेर जातो. त्यात कोकणचा पाऊस, कौलांतून झिरपणारे पाणी आणि वाळवी. मुंबईला गेलेल्या कुटुंबांची बंद घरे याला आणखी हातभार लावतात.

१९/
अशा घरांतून मिळू शकणारे कागद दिसायला क्षुल्लक असतात : सीमेच्या वादाचा महजर, वतनाचा निवाडा, देवस्थानच्या खर्चाची यादी, भाताच्या देण्याघेण्याचा हिशेब. महजरात साक्षीदार म्हणून गावचे बारा बलुतेदार हजर असतात आणि त्यांच्या निशाण्या असतात : सुताराचा वाकस, कुंभाराचे चाक. ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांची हजेरी इतिहासात लागते ती अशा कागदावर. कुड्याच्या लेण्यातील माळी आणि लोहव्यापारी यांचे हे नंतरच्या काळातील सोबती.

२०/
गावपातळीवरचे काम पाचसहा जणांनाही सुरू करता येते. कागद ज्या क्रमाने रुमालात सापडले तो क्रम मोडू नये. प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे. कोणत्या गावी, कोणाच्या घरी, कोणत्या दिवशी पाहिले, हे लगेच लिहावे. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये, त्यावर प्लास्टिकचे आवरण चढवू नये. मूळ कागद मालकाच्या संमतीवाचून हलवू नये. शिलालेखावर खडू किंवा रंग फासू नये. वाचता येत नसेल तर अंदाज न करता जाणकाराकडे प्रत पाठवावी.

२१/
आणि ठरलेल्या दिवशी जमावे. जे सापडले ते सर्वांसमोर वाचावे, शंका लिहून ठेवाव्यात, वर्षाअखेर पातळसे का होईना इतिवृत्त काढावे. १९१० मध्ये मेहेंदळ्यांच्या वाड्यात याहून वेगळे काही घडले नव्हते. तळगडाचे तट पुढच्या पावसातही उभे राहतील. त्याच्या पायथ्याच्या एखाद्या माळ्यावर रुमालात बांधलेला महजर मात्र किती पावसाळे तग धरील, हे तो कोणी आणि केव्हा खाली उतरवतो यावर अवलंबून आहे.