रिंगणाची कड

तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली, तुकोबांच्या व ज्ञानोबांच्या पादुका पालखीत घेऊन, पंढरीच्या वारीला जे सोहळ्याचे रूप दिले, त्यातील रिंगणाचा थाट पाहावा तो पालखीने बारामती सोडल्यावर. काटेवाडीस परीट मंडळी वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि धनगरांची मेंढरे पालखीभोवती धावतात. पुढे बेलवाडीस अश्वांचे गोल रिंगण होते, आणि मग इंदापुरास.

रिंगणाच्या वर्णनांत अश्वांचे कौतुक पुष्कळ होते. माझे लक्ष मात्र कडेला उभ्या असलेल्यांकडे जाते. पताकावाले धावतात, डोईवर तुळस घेतलेल्या स्त्रिया धावतात, विणेकरी धावतात, आणि अखेरीस एक स्वाराचा व एक देवाचा, ज्याच्या पाठीवर कोणी बसत नाही असा, हे दोन अश्व भरधाव सुटतात, तेव्हा ज्यांची पाळी होऊन गेली आहे असे कित्येक जीव टापांपासून हाताच्या अंतरावर असतात. खरा धोका पहिला अश्व पुढे गेल्यावर. कारण टापांखालची माती कपाळी लावण्यास माणसे वाकतात, आणि दुसरा अश्व मागून यायचाच असतो.

कडेला थांबलेल्याचे रक्षण हा प्रश्न खेळांनाही सुटलेला नाही. १८८७ साली शिकागोतील एका नौकाक्लबात जन्मलेल्या सॉफ्टबॉलमध्ये पुढच्या फलंदाजासाठी अडीच फूट त्रिज्येचे वर्तुळ आखलेले असते, हेल्मेट सक्तीचे असते, आणि अंमलबजावणीस पंच असतो. तरीही २०१५ साली, अमेरिकेत त्याच कुळातील बेसबॉलच्या एका सामन्यात, बॅटी गोळा करणारा नऊ वर्षांचा मुलगा, डोक्यावर हेल्मेट असूनही, सराव करणाऱ्या खेळाडूच्या बॅटीचा फटका बसून दगावला. मुलांचे सामने भरवणाऱ्या लिटल लीग या संघटनेने लहान गटांत पुढच्या फलंदाजाची ही जागाच बंद ठेवली आहे. पाळी येण्यापूर्वी बॅटीला हात लावणेही तेथे मना आहे, आणि मला तरी हाच बंदोबस्त शहाणपणाचा वाटतो.

आपल्याकडे रिंगण लावतो तो चोपदार. हातात चांदीचा दंड, आणि एवढ्या समुदायावर त्याची जरब! ही शिस्त वारीत मुरली त्याचे श्रेय सामान्यतः आरफळच्या हैबतबाबांना देतात, जे शिंद्यांच्या पदरी होते आणि ज्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्ञानोबांची पालखी स्वतंत्र करून दिंड्यांचे क्रम लावून दिले. त्या सोहळ्यात मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की सारे टाळ थांबतात; ज्या दिंडीची तक्रार असेल, तिनेच तेवढे टाळ वाजवीत राहावे, असा दस्तूर आहे. हुकूम मोडण्याची ही मुभा शिरस्त्यातच आहे, म्हणून हुकुमाचा मान टिकतो, असा माझा समज. चोपदार तेथे जातो, फिर्याद ऐकतो, निवाडा होतो. तारीख पडत नाही.